दोन आसनी विमान घरी आखायचं तर आकड्यांचा क्रम असा लावा

बहुतेकांचं इंजिन आधी विकत घेऊन झालेलं असतं. मग त्या इंजिनाभोवती कागदावर एक देखणं विमान उतरतं, आणि पंख, शेपूट, टाकी या गोष्टी चित्रात उरलेल्या जागेत कोंबल्या जातात. सातारा-सांगली पट्ट्यात हात कसबी आहेत. कुपवाडचा किंवा सातारा एमआयडीसीतला चांगला फॅब्रिकेटर सांगाल तो आकार उतरवून देतो. घोटाळा त्याच्या हातात नसतो, आपण कोणता आकडा आधी पक्का केला त्यात असतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: शेजारी-शेजारी दोन माणसं, रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० अश्वशक्तीचं इंजिन, अॅल्युमिनियमचे पंख, न मिटणारी चाकं, आणि उड्डाण कऱ्हाडच्या धावपट्टीवरून. तुमचे आकडे वेगळे येतील. क्रम मात्र बदलू नका.

## पत्रा कापण्याआधीची तयारी

कागदपत्रं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, म्हणजे डीजीसीएशी, पत्रव्यवहार डिझाइन चालू असतानाच सुरू करा. विमानाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. घरी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळाली ती २०१९ मध्ये. तेव्हा प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो, साहित्याची बिलं, गणिताच्या वह्या जपून ठेवा. बांधून झाल्यावर झाकलेल्या रिव्हेटचा फोटो काढता येत नाही.

गणित तपासणारा माणूस. स्वतःचं गणित स्वतः तपासलं तर तीच चूक दुसऱ्यांदा बरोबर वाटते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीत कोणी ओळखीचं असेल तर वही त्यांच्यापुढे ठेवा. ताणाचं गणित बघू शकणारा माणूस पुरतो, त्याला विमान चालवता येण्याची गरज नाही.

जागा. एका बाजूचा पंख सव्वाचार मीटर लांब, आणि त्याच्या चारी बाजूंनी फिरायला जागा लागते. दरवाजा मोजा, जिन्याचं वळण मोजा. खोलीत बांधलेलं धड बाहेर काढायला भिंत फोडावी लागली असे किस्से ऐकायला मजेदार असतात, भिंत आपली नसेल तोवर.

वजनकाटा. ग्रॅमपर्यंत मोजणारा एक छोटा आणि शंभर-दीडशे किलोपर्यंतचे तीन मोठे. पहिल्या दिवसापासून लागतील.

## १. कामाची अट एका पानावर

एका पानावर इतकंच लिहा: किती माणसं, त्यांचं खरं वजन, किती तास उडायचं, धावपट्टी किती, स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान तोलून धरू शकत नाही) किती चालेल. कमाल वेग शेवटच्या ओळीत. उतरतानाचा वेग आणि चढाई पक्की झाली की कमाल वेग बऱ्याच अंशी आपोआप ठरतो. उलट बाजूने सुरुवात केली की पंख छोटा होत जातो आणि विमान ताशी ११० किलोमीटरने जमिनीवर आदळायला येतं.

आपल्या उदाहरणात: दोन माणसं १७० किलो, सामान १० किलो, इंधन ६० लिटर, आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) उघडे असताना स्टॉल ताशी ८३ किलोमीटर, म्हणजे ४५ नॉट.

तपासा: माणसाचं वजन कपडे, बूट, हेडसेटसकट धरलंय का? 'मी सत्तर किलोचा' हे सांगणारा माणूस काट्यावर क्वचितच सत्तर भरतो.

## २. हवा कऱ्हाडची घ्या, पुस्तकातली नको

पुस्तकांतले तक्ते समुद्रसपाटीच्या १५ अंश सेल्सिअसच्या हवेचे असतात. तिची घनता घनमीटरला १.२२५ किलो. कऱ्हाडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास. तिथे एप्रिल-मेच्या दुपारी ३८ अंशांत घनता सुमारे १.०६ वर येते. विमानाच्या दृष्टीने ते तेव्हा जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवर उभं असतं.

याचे परिणाम तीन, आणि तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण १५ टक्क्यांनी घटते. वेगमापकाच्या काट्यावर ८३ दिसणारा स्टॉल प्रत्यक्षात जमिनीच्या हिशेबात ९० च्या जवळ असतो. आणि वेग जास्त हवा, जोर कमी, म्हणून जमिनीवरची धाव एक तृतीयांशाहून जास्त वाढते. सव्वा किलोमीटरच्या आसपासच्या धावपट्टीवर हे निभतं. पण ज्याने शेतातल्या ४०० मीटरच्या पट्टीचं स्वप्न पाहिलंय त्याने हा हिशेब आधी करावा.

सावध: जानेवारीच्या सकाळी केलेली चाचणी मेच्या दुपारचा पुरावा नाही.

## ३. वजनाचं गणित

इथे घाई करू नका. कामगिरी गमावली जाते ती बहुतेक वेळा इथेच.

माणसं, सामान आणि इंधन मिळून: १७० + १० + ४३ = २२३ किलो. पेट्रोलचं एक लिटर सुमारे ७२० ग्रॅम धरलं आहे. या प्रकारच्या दोन आसनी विमानात रिकाम्या विमानाचं वजन एकूण वजनाच्या ५५ ते ६० टक्के असतं. ५८ टक्के धरा. मग उरलेल्या ४२ टक्क्यांत २२३ किलो बसवायचे: २२३ ÷ ०.४२ = ५३१. थोडी सोय ठेवून ५४० किलो. म्हणजे रिकामं विमान ३१७ किलोच्या आत हवं.

आता ते ३१७ वाटून टाका. इंजिन, प्रोपेलर, माउंट (इंजिन धरणारी चौकट), रेडिएटर, सायलेन्सर मिळून ९५. पंख ७५. धड ७०. चाकं आणि त्यांचे पाय २८. शेपूट १५. उपकरणं, बॅटरी, वायरिंग १५. आसनं, काच, रंग आणि विसरलेल्या गोष्टी १९. ही यादी भिंतीवर लावा आणि प्रत्येक तुकडा बसवण्याआधी वजन करून समोर लिहा.

या ४२ टक्क्यांत एक खोच आहे. एखाद्या जागी १ किलो वाढवलात आणि तरी स्टॉल, चढाई, मजबुती तीच हवी असेल, तर पंख मोठा करावा लागतो, स्पार (पंखाची मुख्य तुळई) जाड करावा लागतो, पायांनाही जोर द्यावा लागतो. शेवटी एकूण वजन साधारण २.४ किलोने वाढतं.

ट्रॉलीच्या कामात हात बसलेला कारागीर ०.५ मिलिमीटरचा पत्रा बोटांत धरून म्हणतो, "साहेब, हा वाजतोय, ०.८ चा टाकू." पंखाच्या वरच्या-खालच्या बाजू मिळून १८ चौरस मीटर होतात. ०.३ मिलिमीटर वाढले की साडेचौदा किलो वाढले, आणि वरचं चक्र धरलं तर ३५ किलो. उसाच्या ट्रॉलीत जाड पत्रा हा फायद्याचा हिशेब असतो, विमानात तो एका माणसाचं अर्धं आसन खातो. पत्रा वाजत असेल तर रिबमधलं (पंखाच्या फासळ्यांमधलं) अंतर कमी करा किंवा आतून हलकी पट्टी द्या.

तपासा: यादीतला कुठलाही भाग ठरल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जड झाला, तर पुढचं काम थांबवून हा टप्पा पुन्हा करा. 'नंतर कुठेतरी कमी करू' यातलं नंतर येत नाही.

## ४. पंखाचं क्षेत्रफळ स्टॉलवरून

क्षेत्रफळ काढायला तीन गोष्टी लागतात: वजन, स्टॉलचा वेग आणि पंखाचा कमाल लिफ्ट गुणांक (पंख जास्तीत जास्त किती उचल देतो ते सांगणारा आकडा). पहिल्या दोन ठरल्या आहेत. लोक तिसऱ्यात फसतात. एअरफॉइलच्या (पंखाच्या छेदाच्या) आलेखात २.४ सारखा आकडा दिसतो आणि तो तसाच उचलला जातो. तो आकडा टोकापासून टोकापर्यंत फ्लॅप असलेल्या, पॉलिश केलेल्या नमुन्याचा असतो. शिवाय नाका (NACA) या जुन्या अमेरिकी विमान संशोधन संस्थेचे आलेख ३० ते ९० लाख रेनॉल्ड्स अंकांचे (वेग आणि पंखाच्या रुंदीवरून येणारा आकडा) आहेत. आपला पंख स्टॉलजवळ १५ लाखांच्या आसपास असतो आणि तिथे कमाल लिफ्ट कमी मिळते. पंखाच्या निम्म्या लांबीत स्लॉटेड फ्लॅप असेल तर १.८ धरा.

५४० किलो, ८३ किलोमीटर, १.८: क्षेत्रफळ येतं ९ चौरस मीटर. २.४ धरलं असतं तर पावणेसात आलं असतं, आणि ते विमान ठरल्यापेक्षा ताशी तेरा किलोमीटर जास्त वेगाने स्टॉल झालं असतं.

पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत साडेआठ मीटर घ्या, मग कॉर्ड (पंखाची रुंदी) १०६ सेंटीमीटर आणि आस्पेक्ट रेशो (लांबी भागिले रुंदी) ८. हँगरमध्ये मावावं म्हणून लांबी तोडायचा मोह होतो. रेशो ६ वर आणला तर उन्हाळ्यातल्या चढाईचा साधारण दहावा हिस्सा जातो. पंख दुमडता येईल असा करा, तोकडा करू नका.

जाडी कॉर्डच्या १५ टक्के. कारण सातव्या टप्प्यात कळेल.

## ५. इंजिन चढाईसाठी, वेग ड्रॅगमधून

या पूर्ण लेखातला माझा हट्ट हाच आहे. इंजिन किती मोठं हवं ते मेच्या दुपारच्या चढाईवरून ठरवा. कमाल वेग हवा असेल तर ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, कापा.

चढाई बघा. १०० अश्वशक्तीतले मेमध्ये साधारण ८५ उरतात. स्थिर पात्यांचा प्रोपेलर चढताना त्यातले ६०-६५ टक्केच कामी लावतो. हवेचा विरोध वजा जाता आपलं विमान सेकंदाला साडेचार ते पाच मीटर चढतं. ६५ अश्वशक्तीचं इंजिन लावलं तर शक्ती ३५ टक्के कमी, पण चढाई निम्म्याहून कमी, कारण विरोध तेवढाच राहतो आणि काटछाट सगळी शिल्लकीतून होते. पश्चिमेला सह्याद्री उभा असताना सेकंदाला दोन मीटरची चढाई पुरेशी मानू नये.

आता सपाट उड्डाणाचा वेग. आपल्या विमानाचा लिफ्टमुळे होणारा विरोध सोडून उरलेला विरोध ०.२५ चौरस मीटर धरला, म्हणजे अर्धा मीटर लांब-रुंद फळी वाऱ्यासमोर आडवी धरल्याइतका. प्रमाण हवेत ७५ टक्के शक्तीवर ताशी २३० किलोमीटर मिळतात. तो विरोध ०.२० वर आणला की २४८ च्या आसपास. तेवढाच फायदा इंजिनातून हवा असेल तर २५ टक्के जास्त शक्ती लागते. त्याबरोबर जड माउंट, मोठी टाकी आणि तिसऱ्या टप्प्यातलं चक्र येतं.

विरोध कुठून कापायचा? ज्या क्रमाने फायदा मिळतो त्या क्रमाने:

चाकांचे पाय. गोल नळी त्याच जाडीच्या निमुळत्या आवरणातल्या नळीच्या साधारण दहापट विरोध करते. पाय, ब्रेकची नळी, पायरी, अँटेना, सगळं आवरणात घ्या.

इंजिन थंड करणारी हवा. आत येणारं तोंड मोठं ठेवून बाहेर जाणारी वाट अरुंद केली की हवा तोंडातून उलटी फिरते. गरमीही वाढते, विरोधही. रेडिएटरच्या चारी कडा डक्टला सील करा, फटीतून गेलेली हवा काहीच थंड करत नाही.

पंख आणि धडाचा सांधा. इथे फिलेट (गोलाईचा भराव) द्या, विशेषतः मागच्या कडेला.

रिव्हेटची डोकी यात सर्वांत शेवटी येतात. पंखाच्या पुढच्या तिसऱ्या भागात सपाट रिव्हेट लावा, मागे गोल चालतात. हौशी माणूस नेमका उलट क्रमाने खपतो: महिनाभर रिव्हेट घासतो आणि पाय उघडेच ठेवतो.

सावध: कारचं इंजिन स्वस्त पडतं म्हणून घेणार असाल तर दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा. ते ७५ टक्के शक्तीवर तासन्‌तास चालेल का? आणि प्रोपेलर व क्रँकशाफ्टमधली पिळाची कंपनं कोण झेलणार? गिअरबॉक्स किंवा बेल्ट याच कंपनांनी तुटतात.

## ६. शेपूट आणि गुरुत्वमध्य

शेपटीचं माप नजरेने ठरवू नका. आडव्या शेपटीसाठी आकारमान गुणांक (शेपटीचं क्षेत्रफळ आणि अंतर यांचं पंखाच्या मापांशी प्रमाण) ०.५५ आणि उभीसाठी ०.०४ धरा. पंखापासून शेपटीपर्यंतचं अंतर ३.९ मीटर असेल तर आडवी शेपटी १.३५ आणि उभी ०.७८ चौरस मीटर येते. विरोध कमी म्हणून छोटी शेपटी लावणं ही सर्वांत महाग बचत आहे.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजून कॉर्डच्या १८ ते ३० टक्क्यांत राहिला पाहिजे. १०६ सेंटीमीटरच्या कॉर्डवर ही मोकळीक जेमतेम १३ सेंटीमीटर. आसनांमागे एक मीटरवर ठेवलेली १० किलोची पिशवी त्यातले जवळजवळ दोन खाते.

किमान चार स्थिती काढा: हलका वैमानिक एकटा, टाकी भरलेली; तोच, टाकी जवळपास रिकामी; दोन जड माणसं, पूर्ण सामान, भरलेली टाकी; आणि तेच सगळं, टाकी रिकामी. चौथी स्थिती हमखास विसरली जाते. टाकी आसनांच्या पुढे असेल तर उड्डाण संपत येताना विमान शेपटीकडे जड होतं, आणि स्टॉलमधून बाहेर न येण्याचा धोका तेव्हाच असतो.

तपासा: इंजिनाची जागा अजून माउंटच्या नळ्या कापून पक्की केली नाही ना? ती शेवटी ठरते. रिकाम्या धडाचं खरं वजन कळल्यावर इंजिन पाच-सात सेंटीमीटर पुढेमागे करायची मुभा ठेवा. ती गेली की नाकात शिसं बसवावं लागतं.

## ७. स्पार

साधारण वापरासाठी +३.८ आणि −१.५ जी (वजनाच्या पटीतला भार) ही मर्यादा, आणि तुटण्याची ताकद त्याच्या दीडपट. ५४० × ३.८ ÷ २, म्हणजे एका पंखावर १,०२६ किलोचा जोर. तो मध्यरेषेपासून पंखाच्या ४४ टक्के लांबीवर एकवटला असं धरा. पंखाचं स्वतःचं वजन या जोराला थोडं कमी करतं, ते सोडून द्या. दीडपट करून मुळाशी सुमारे २८,२०० न्यूटन-मीटरचं वाकण येतं.

१५ टक्के जाडीच्या पंखात स्पारच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांच्या मध्यांत साधारण १३ सेंटीमीटर मिळतात. मग प्रत्येक पट्टीवर २१७ किलोन्यूटन, म्हणजे २२ टन. वेगासाठी १२ टक्के जाडीचा पंख घेतला तर हे अंतर १० सेंटीमीटरवर येतं आणि जोर जवळजवळ २९ टन होतो. पट्टी ३० टक्के जाड करावी लागते, आणि पातळ पंखाने वाचवलेला विरोध वजनात परत जातो.

वरची पट्टी दाबली जाते, म्हणून तुटण्याआधी ती लाटेसारखी मुरडते. नुसता ताण काढून थांबू नका, रिव्हेटमधल्या अंतरात ती मुरडेल का हेही काढा. स्पारमध्ये वायर किंवा नळीसाठी भोक पाडायचं तर मधल्या पत्र्यात, पट्टीत कधीही नाही.

एलेरॉन, एलिव्हेटर, रडर या विमान वळवणाऱ्या हलत्या भागांचा तोल बिजागरीच्या रेषेवर साधा. सावध: रंग दिल्यावर तोल पुन्हा तपासा. मागच्या कडेवरचे शंभर ग्रॅम रंग फ्लटर (वाऱ्यात वाढत जाणारी थरथर) घडवू शकतात, आणि फ्लटर दुसरी संधी देत नाही.

## ८. साहित्य

बोल्ट विमानाच्या दर्जाचेच, प्रमाणपत्रासह. बाजारातला ८.८ चा बोल्ट जिगला (बांधणीच्या साच्याला) लावा. पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट नसेल तर तो ६०६१-टी६ (अॅल्युमिनियमचा एक दर्जा) आहे हे दुकानदाराचं म्हणणं आहे, पुरावा नव्हे. २०२४-टी३ पत्रा काटकोनात धारदार वाकवला की बाहेरच्या कडेला बारीक तडे जातात. वाकवण्याची त्रिज्या जाडीच्या किमान तिप्पट ठेवा आणि वाक भिंगाने बघा.

फायबरचे भाग करणार असाल तर जून ते सप्टेंबर एपॉक्सीला हात लावू नका, निदान खोलीत आर्द्रता मोजल्याशिवाय नको. रंग पांढरा. खोलीच्या तापमानाला पक्की झालेली एपॉक्सी ६०-८० अंशांना मऊ पडू लागते आणि उन्हात उभा राहिलेला गडद पृष्ठभाग तेवढा सहज तापतो.

## ९. इंधन

हा टप्पा परदेशी पुस्तकांवर सोडू नका. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. (त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांचं, त्याबद्दल तक्रार नाही.) रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच मान्यता आहे. टाकीचं सीलंट, रबरी नळ्या आणि काही एपॉक्सी इथेनॉलने फुगतात. एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) कुठून, कसं आणायचं हे टाकीचा आकार ठरवण्याआधी पक्कं करा.

तपासा: मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा, थांबा. खालचा थर १० च्या वर गेला तर जेवढा वर गेला तेवढं इथेनॉल पाण्यात उतरलं.

## १०. जमिनीवरच्या चाचण्या, याच क्रमाने

वजन. तीन काटे, विमान उड्डाणाच्या पातळीत, शेडची दारं बंद. आलेल्या आकड्यांवरून चारही स्थिती पुन्हा काढा.

पंखावर भार. पंख उलटा करून मुळाशी बांधा. १० किलोच्या वाळूच्या पिशव्या, मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी. पंखाच्या वजनाचा हिशेब धरून ३.८ जी ला एका बाजूला साधारण साडेआठशे किलो. वाळू ओली नको, आणि पिशव्या सरासरीवर न जाता एकेक मोजा. खाली लाकडी आधार बोटभर अंतरावर ठेवा. भार काढल्यावर टोक मूळ जागी आलं पाहिजे. दीडपट भार उडायच्या पंखावर देऊ नका, त्यासाठी स्पारचा वेगळा तुकडा तोडा.

नियंत्रणं. एलेरॉन बाहेरून अडवून वैमानिकाच्या नियंत्रण-काठीवर जोर द्या. काठी बरीच हलली तर कुठेतरी नळी किंवा कंस वाकतोय.

इंधनाचा प्रवाह. नाक चढाईच्या कोनात उचला, टाकीत थोडंच इंधन ठेवा, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मोजा. पंपावर चालणाऱ्या रचनेत कमाल खपाच्या सव्वापट, नुसत्या उतारावर चालणाऱ्या रचनेत दीडपट हवं. आपलं इंजिन टेक-ऑफला ताशी साधारण २७ लिटर घेतं, म्हणजे अनुक्रमे ३४ आणि ४०.

टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवणं. आधी चालण्याच्या वेगाने, मग ब्रेक आणि रडर कळेपर्यंत थोडं वाढवून. स्टॉलच्या जवळच्या वेगाची टॅक्सी टाळा. तिथे विमान नकळत उचलतं, समोर धावपट्टी संपत असते आणि मनाने तुम्ही अजून जमिनीवरच असता.

पहिलं उड्डाण परवानगी हातात आल्यावर, अशा प्रकारच्या विमानांचा सराव असलेल्या वैमानिकाने, एकट्याने करायचं. थंड सकाळ, वारा शांत, गुरुत्वमध्य मोकळिकीच्या मध्यापेक्षा किंचित पुढे, त्यासाठी लागलं तर दुसऱ्या आसनावर वजन बांधून. चढून, इंजिन बंद पडलं तरी तरंगत धावपट्टी गाठता येईल इतक्या अंतरातच राहायचं, हजार मीटर उंचीवर स्टॉलच्या जवळ जाऊन काट्यावरचा आकडा टिपायचा आणि उतरण्याचा वेग त्याच आकड्याच्या १.३ पट ठेवायचा. उतरल्यावर काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढा. प्रत्येक नटवर आधी मारलेली रंगाची रेघ सरळ आहे का, तेल-पाणी कुठे ओघळलंय का आणि माउंटच्या वेल्डजवळ रंगाला तडा गेलाय का, हे बघून झाल्याशिवाय दुसऱ्या उड्डाणाची वेळ ठरवू नका.